चित्राखालचे नाव



चित्रकला शिकवण्यात ज्यांनी उभे आयुष्य घातले अशा एका शिक्षकाच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते. म्हणून आज विषयही शिकण्या-शिकवण्याचाच घेतला आहे. कलेतिहासाचे पदव्युत्तर शिक्षण, चित्रांची पारख आणि चित्रांचा बाजार या तीन गोष्टी एकमेकींत कशा गुंतल्या आहेत आणि त्या गुंत्यात आपल्या विद्यार्थ्याने कुठे उभे राहावे, याविषयी मी बोलणार आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. चित्र कोणाच्या हातचे, हे सांगणाऱ्या माणसाची मिळकत त्याच्या उत्तरावर अवलंबून असता कामा नये. आणि अशी माणसे बाजार घडवणार नाही. ती विद्यापीठांनी आणि संग्रहालयांनीच घडवली पाहिजेत.

हा प्रश्न आज आपल्या दारात येऊन उभा आहे. डिसेंबर २०१३ मध्ये क्रिस्टीज या लिलावगृहाने भारतातला आपला पहिला लिलाव मुंबईत ताजमहाल हॉटेलात केला. वासुदेव गायतोंडे यांचे १९७९ सालचे चित्र त्यात २३ कोटी ७० लाख रुपयांना गेले. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला हुसेन यांचे ‘ग्रामयात्रा’ सुमारे ११८ कोटींना गेले. या ‘ग्रामयात्रे’चा प्रवास मला किमतीपेक्षा जास्त बोलका वाटतो. १९५४ मध्ये एका नॉर्वेजियन शल्यवैद्याने ते दिल्लीत विकत घेतले, पुढे ओस्लोच्या रुग्णालयाला दिले, आणि तिथून ते लिलावात आले. विकत घेतल्या दिवसापासून हातोडा पडेपर्यंत चित्र कोणाकडे होते, हे सांगता येते. ज्या चित्रांबद्दल असे सांगता येत नाही, अशी कितीतरी चित्रे आज याच नावांखाली हिंडत आहेत.

जानेवारी २००९ मध्ये सय्यद हैदर रझा दिल्लीतल्या एका गॅलरीत स्वतःच्याच जुन्या चित्रांचे प्रदर्शन पाहायला गेले. नागपूर आणि मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत शिकलेले, पॅरिसमध्ये नाव कमावलेले रझा त्या वेळी ८६ वर्षांचे होते. भिंतीवरची चित्रे पाहून त्यांनी सांगितले, ही माझी नाहीत. प्रदर्शन बंद झाले. चित्रकार हयात होता, तिथे हजर होता आणि स्पष्ट बोलला, म्हणून ते उघडकीला आले. रझा २०१६ मध्ये गेले. आता ‘हे माझे नाही’ असे त्यांच्या वतीने कोण सांगणार, आणि कशाच्या आधारावर?

युरोपात या प्रश्नाला शास्त्राचे रूप देण्याचा पहिला मोठा प्रयत्न जोव्हानी मोरेली या इटालियन गृहस्थाने केला. मोरेली १८१६चे. जर्मनीत वैद्यक शिकले, पण वैद्यकी केली नाही. शरीररचनेचा अभ्यास मात्र त्यांनी चित्रांकडे वळवला. त्यांचे म्हणणे असे की चेहरा, हावभाव, एकूण मांडणी यांची नक्कल शिष्यही करतो आणि नकलाकारही करतो, कारण सगळ्यांचे लक्ष तिथेच असते. कानाची पाळी, बोटांची नखे, हाताचा तळवा अशा जागी चित्रकाराचा हात सवयीने चालतो. तिथे त्याला पकडावे. इव्हान लेर्मोलिएफ असे रशियन टोपणनाव घेऊन त्यांनी जर्मनीतल्या संग्रहालयांमधली चित्रे एकेक करून तपासली. ड्रेस्डेनची निद्रिस्त व्हीनस तोवर एका जुन्या चित्राची उशिराने केलेली नक्कल समजली जात होती. ती जॉर्जोनेची, असे मोरेलींनी सांगितले आणि ते बहुतेकांना पटले. फ्रॉइडनेही १९१४च्या मायकेलअँजेलोवरच्या निबंधात मोरेलींची आठवण काढली आहे. दुर्लक्षित तपशिलातून दडलेली गोष्ट काढायची, ही रीत त्याला आपल्या जवळची वाटली.

मोरेलींच्या पद्धतीवर पोसलेला सर्वांत नामांकित माणूस म्हणजे बर्नार्ड बेरेन्सन. त्यांच्याकडे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण माझा सगळा विषय त्यांच्या एका आयुष्यात सापडतो. १८६५ मध्ये लिथुआनियातल्या एका गरीब ज्यू कुटुंबात जन्म. दहाव्या वर्षी आईबापांबरोबर बोस्टनला. हार्वर्डमधून पदवी घेतली आणि इटली गाठली. गावोगावच्या चर्चमधली, वाड्यांमधली चित्रे डोळ्यांखालून घातली. कोणत्या भिंतीवर कोणाचे काय आहे, याच्या त्यांनी याद्या केल्या, आणि त्या याद्या अमेरिकेतल्या धनवंतांसाठी शब्दप्रमाण ठरल्या. बोस्टनच्या इझाबेला स्टुअर्ट गार्डनर यांनी टिशियनचे ‘युरोपा’ हे चित्र १८९६ मध्ये घेतले ते बेरेन्सन यांच्या सल्ल्याने. बेरेन्सन यांची नजर खरोखर असामान्य होती. आजही त्यांच्या याद्या उघडल्याशिवाय इटालियन चित्रकलेच्या अभ्यासकाचे पान हलत नाही.

१९१२ मध्ये त्यांनी जोसेफ ड्युवीन या विक्रेत्याशी गुप्त करार केला. इटालियन चित्रांच्या विक्रीत जो नफा होईल त्याचा चौथा हिस्सा बेरेन्सन यांचा. त्या काळात गिऱ्हाईक चित्राच्या छायाचित्रामागे बेरेन्सन यांचे दोन ओळींचे मत मागत असे. ते मत देणाऱ्याला विक्रीत वाटा आहे, हे त्या गिऱ्हाइकाला ठाऊक नसे. फ्लॉरेन्सजवळचा व्हिला इ तात्ती, त्यातला ग्रंथसंग्रह, छायाचित्रांचा संग्रह, अभ्यासाला लागणारी सगळी स्वस्थता या मिळकतीतून उभी राहिली. १९५९ मध्ये ते वारले तेव्हा हे सगळे त्यांनी हार्वर्डला दिले. आज जगभरचे तरुण अभ्यासक तिथे बसून संशोधन करतात. हे सांगताना मला अवघड वाटते, पण सांगितलेच पाहिजे. आपल्या विषयाच्या एका सर्वोत्तम ग्रंथालयाचा पाया त्या चौथ्या हिश्श्यात आहे.

बेरेन्सन आणि ड्युवीन यांचे बिनसले ते १९३७ मध्ये, एका चित्रावरून. येशूच्या जन्मानंतर मेंढपाळ त्याच्या दर्शनाला आले आहेत असे ते चित्र. मागे गुहेचा काळोख, डावीकडे दूरवर निवळत गेलेला निसर्ग. ड्युवीनने ते लॉर्ड ॲलनडेल यांच्याकडून घेतले होते आणि त्याला ते जॉर्जोने म्हणून विकायचे होते. जॉर्जोने तिशीच्या आसपास वारला, त्याची निर्विवाद चित्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, म्हणून किंमत वेगळी. बेरेन्सन म्हणाले, हे तरुण टिशियनचे. ड्युवीनने दबाव आणला. बेरेन्सन हलले नाहीत. पंचवीस वर्षांचा व्यवहार तिथे संपला. चित्र जॉर्जोनेचे म्हणूनच विकले गेले आणि आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत त्याखाली जॉर्जोनेचेच नाव आहे.

म्हणजे बेरेन्सन पैशापुढे ज्या वेळी ताठ उभे राहिले, त्या वेळी आजच्या बहुसंख्य अभ्यासकांच्या मते ते चुकले होते. आणि ज्या शेकडो वेळा त्यांनी ड्युवीनला हवे तसे उत्तर दिले, त्यांतले किती डोळ्याने दिले आणि किती हिश्श्याने, यावर अभ्यासक आजही भांडतात. बेरेन्सन खोटे बोलत होते असे मी म्हणत नाही. कदाचित एकदाही बोलले नसतील. पण त्या कराराने त्यांच्या खऱ्या मतांचीही साक्ष कच्ची करून ठेवली, आणि ते नुकसान त्यांच्या नंतर आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला भरून काढावे लागते आहे.

आपल्याकडे सोन्याच्या बाबतीत ही गोष्ट कोणालाही समजते. दागिना विकणारा सराफ स्वतः हॉलमार्कचा शिक्का मारत नाही. तपासणीचे केंद्र वेगळे असते, त्याचा आकार ठरलेला असतो आणि सोने बावीस कॅरेटचे निघो की अठरा, तो आकार बदलत नाही. चित्रांच्या बाबतीत हे वेगळेपण कायद्याने येणार नाही, कारण हाताची ओळख यंत्राला पूर्णपणे सापडत नाही. ते शिक्षणातून आणि रिवाजातूनच यावे लागेल.

असा रिवाज घालण्याचा एक मोठा प्रयोग हार्वर्डमध्येच झाला. पॉल सॅक्स हे गोल्डमन सॅक्स या सावकारी पेढीच्या घराण्यातले. पेढी सोडून ते हार्वर्डच्या फॉग संग्रहालयात आले आणि १९२०च्या दशकात त्यांनी पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी संग्रहालयाच्या कामाचा अभ्यासक्रम सुरू केला. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टचे पहिले संचालक आल्फ्रेड बार त्यांचेच विद्यार्थी. सॅक्स मुलांच्या हातात वस्तू देत, तिच्यावर बोलायला लावत, त्यांना विक्रेत्यांच्या दुकानांत आणि संग्राहकांच्या घरी घेऊन जात. कोणते चित्र कोणाकडे आहे आणि केवढ्याला गेले, हे त्यांना माहीत असावे असा त्यांचा आग्रह असे. पेढीवर वाढलेल्या त्या माणसाला पैशाचा विटाळ वाटत नव्हता. बाजार कसा चालतो हे कळल्याशिवाय बाजारापासून सुरक्षित अंतर ठेवता येत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. आपल्या विद्यापीठांत मात्र बाजाराबद्दल बोलणे बरेचदा हलके समजले जाते, आणि मग एम.ए. झालेली मुलगी लिलावगृहात नोकरीला लागली की पहिल्याच दिवशी तिला सगळे नवे असते. तिथे तिला शिकवणारा असतो तो विकणारा.

न्यूयॉर्कमध्ये पुढे जे घडले ते बाजाराविषयीच्या अशाच अज्ञानावर पोसले गेले. नोडलर ही १८४६ पासून चालत आलेली, अतिशय प्रतिष्ठित गॅलरी. १९९०च्या दशकात एक बाई तिथे पोलॉक, रॉथको, मदरवेल या अमेरिकन चित्रकारांची कोणी न पाहिलेली चित्रे घेऊन येऊ लागल्या. मालकाचे नाव गुप्त, खरेदीच्या पावत्या नाहीत, जुनी छायाचित्रे नाहीत, प्रदर्शनांच्या यादीत उल्लेख नाही. चित्रे प्रत्यक्षात क्वीन्समधल्या एका गॅरेजात एक चिनी चित्रकार काढत होता. नोडलर आणि आणखी एक अशा दोन गॅलऱ्यांतून मिळून साठाहून अधिक चित्रे विकली गेली, सुमारे आठ कोटी डॉलरना. एका ‘पोलॉक’वरच्या सहीत तर चित्रकाराच्या नावातले एक अक्षरच गळले होते. २००३ मध्ये एका ग्राहकाने अट घातली म्हणून एक ‘पोलॉक’ स्वतंत्र संस्थेकडे तपासायला गेला. संस्थेने मान्यता दिली नाही आणि गॅलरीने पैसे परत केले. तरीही पुढची आठ वर्षे विक्री चालू राहिली. २०११ मध्ये दुसऱ्या एका ‘पोलॉक’मध्ये, १९५६ साली म्हणजे पोलॉक गेला तेव्हा बाजारात नसलेले रंग सापडले, आणि गॅलरीला टाळे लागले.

या प्रकरणातली एक बारकाई मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगते. गॅलरीने नामवंत तज्ज्ञांना बोलावून ही चित्रे दाखवली होती. त्यांतले काही ‘सुंदर आहे’ म्हणाले असतील, काही सौजन्याने गप्प बसले असतील. खटल्यात पुढे आले ते असे की चित्र पाहिलेल्या तज्ज्ञांच्या नावांची यादी खरेदीदाराला दिली जात होती. नुसत्या पाहण्याचा दाखला झाला. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगते, कोणी ‘जरा नजर टाका’ म्हणून बोलावले तर जे पाहिले ते त्याच दिवशी लिहून ठेवा, तारीख घाला आणि एक प्रत पाठवून द्या.

दुसरीकडे, ज्यांनी स्पष्ट बोलायचे त्यांना कोर्टात ओढले जाते. अमेरिकन चित्रकार वॉरहॉलच्या चित्रांची शहानिशा करणारे मंडळ त्याच्या प्रतिष्ठानाने असे खटले लढून लढून शेवटी २०१२ मध्ये बंद केले. बास्किया या चित्रकाराची समितीही त्याच सुमारास गुंडाळली गेली. जाणकार गप्प आणि विक्रेता बोलका, अशी ही स्थिती आहे, आणि आपल्या आधुनिक चित्रांचा बाजार आता त्याच वाटेवर आहे.

आता बेरेन्सनच्या अगदी उलट टोकाचा एक माणूस. डॉ. बी. एन. गोस्वामी २०२३च्या नोव्हेंबरात चंडीगडला वारले. आयएएसची नोकरी दोन वर्षांत सोडून ते कांगड्याच्या चित्रांवर पीएच.डी. करायला बसले होते. त्या काळी पहाडी लघुचित्रांची वर्गवारी राज्यांवरून होत असे: हे बसोलीचे, हे गुलेरचे, हे कांगड्याचे. आनंद कुमारस्वामींपासून चालत आलेली ती वाट. आपल्या मुंबईचे कार्ल खंडालावालाही त्याच वाटेचे. व्यवसायाने वकील, नानावटी खटल्यात बचावाला उभे राहिलेले, आणि पहाडी चित्रांवर १९५८ मध्ये जाडजूड ग्रंथ लिहिणारे. त्यांचा संग्रह आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. ही सगळी मोठी माणसे, पण चित्रकाराचे नाव त्यांच्या हाती क्वचितच लागे.

गोस्वामींनी प्रश्नच वेगळा विचारला. चित्रकार राज्याचा नोकर असला तरी तो आधी कुटुंबातला माणूस होता. हात बापाकडून मुलाकडे जातो. मग कुटुंब कुठे सापडेल? नाशिक-त्र्यंबकला गेलेल्या आपल्यापैकी पुष्कळांनी तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत आजोबा-पणजोबांची अक्षरे पाहिली असतील. हरिद्वारच्या पंड्यांकडे तशाच बह्या आहेत, गावांप्रमाणे आणि जातींप्रमाणे लावलेल्या. चित्रकार म्हणून शोधून उपयोग नव्हता, कारण ही घराणी तिथे तरखाण, म्हणजे सुतार, म्हणून नोंदलेली. गाव आणि जात दोन्ही नीट ठाऊक असेल तरच पान उघडते. गोस्वामी त्या बह्यांमध्ये बसले, जमीनमहसुलाची जुनी दप्तरे चाळली आणि गुलेरच्या पंडित सेऊचे घराणे उभे केले: मुलगे मानकू आणि नैनसुख, मग त्यांची मुले, नातू. जसरोट्याच्या बलवंतसिंहाची चित्रे काढणारा तो नैनसुख. १७६३ मध्ये तो धन्याच्या अस्थी घेऊन हरिद्वारला आला, पंड्याच्या वहीत त्याने स्वतःच्या हाताने नोंद केली आणि सोबत एक लहानसे रेखाचित्र काढले.

‘कुटुंब हाच शैलीचा पाया’ हे प्रतिपादन १९६८ मध्ये ‘मार्ग’मध्ये, म्हणजे मुंबईतून निघणाऱ्या त्रैमासिकात छापले गेले. त्यानंतर पहाडी चित्रांकडे पाहण्याची रीत बदलली. नैनसुखाचा बलवंतसिंह तंबूत पत्र लिहितो, दाढी कातरून घेतो. एवढ्या घरगुती जवळिकीने राजाकडे पाहणारा हा कोण, याचे उत्तर कागदाने दिले आणि डोळ्याने ते पडताळून पाहिले. गोस्वामींना त्या उत्तरात नफ्याचा वाटा नव्हता. बहीतली नोंद उद्या कोणीही जाऊन पुन्हा वाचू शकतो, आणि गोस्वामी चुकले असतील तर दाखवू शकतो. बेरेन्सन यांच्या दोन ओळींच्या मतावर असा उलटतपास करता येत नसे.

याचा अर्थ नुसता कागद पुरेसा आहे, असा नाही. कागदही बनावट करता येतो. म्हणून वर्गात वस्तू हवी. लघुचित्राचे एखादे पान मुलींच्या पुढ्यात आले की मी आधी ते उलटे करायला लावते. वसली, म्हणजे थरावर थर चिकटवून केलेला कागद, किती पदरांची आहे, मागची बाजू कशी जुनी झाली आहे, हाशिया नंतर जोडलेला आहे का, हे पाहायचे. मग पान खिडकीशी नेऊन तिरप्या उजेडात धरायचे. खरी घोटाई झालेल्या पानावर रंग काचेसारखा बसतो आणि उजेड त्यावरून सरळ सरकतो. मग भिंग. चरब्यावरून, म्हणजे गिरवण्याच्या पारदर्शक खाक्यावरून, उतरवलेली रेघ सगळीकडे सारख्या जाडीची असते, वळणावर थबकते, हात उचलल्याच्या खुणा राहतात. मनातून आलेली रेघ गालावरून हनुवटीकडे येताना बारीक होते आणि गळ्याशी पुन्हा भरते. पहिल्या महिन्यात मुलींना यातले काही दिसत नाही. चौथ्या-पाचव्या महिन्यात एखादी म्हणते, ‘मॅडम, हा कान या चेहऱ्याचा नाही.’ ते वाक्य ऐकायला मी शिक्षकी पत्करली, असे म्हटले तरी चालेल.

पण हे पान मिळायचे कुठून? माझ्या विद्यार्थिनींना एका संग्रहालयाने काचेआडूनच पाहा असे सांगितले, तेही सुरक्षारक्षकाच्या शेजारी उभे राहून. वस्तूची काळजी मला समजते. तरी डॉक्टरी शिकणाऱ्याला रुग्णाला हात लावू न देता पदवी देणे आपण मान्य करणार नाही. प्रत्येक संग्रहालयाच्या भांडारात दुय्यम, फाटकी, शंकास्पद अशी शेकडो पाने पडून असतात. शिकण्यासाठी तीच उत्तम. शंकास्पद तर सर्वांत उत्तम. जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, स्वच्छ हातांनी, ती विद्यार्थ्यांना हाताळू द्यावीत.

आधुनिक चित्रांसाठी तर काम आजच सुरू व्हायला हवे. गायतोंडे वर्षाकाठी मोजकीच चित्रे करत, आणि स्वतःबद्दल फार कमी बोलत. सतीश नाईक यांनी ‘चिन्ह’मधून आणि पुढे ग्रंथरूपाने त्यांच्या स्नेह्यासोबत्यांच्या आठवणी मराठीत जमवल्या. ते मी पुराव्याचे काम मानते. कोणत्या वर्षी ते रोलर वापरू लागले, कॅनव्हास कुठून येई, कोणत्या खोलीत कोणते चित्र टांगलेले होते, हे एखाद्या जुन्या मित्राच्या बोलण्यात सहज येऊन जाते आणि उद्या कोटींच्या दाव्यात तेच निर्णायक ठरू शकते. चित्राच्या पाठीमागची बाजूही अशीच बोलते. केमोल्ड ही आज गॅलरी म्हणून प्रसिद्ध असली, तरी केकू गांधींनी तिची सुरुवात चौकटींच्या धंद्यातून केली होती. १९५०-६०च्या दशकांतले कॅनव्हास कोणत्या खिळ्यांनी ठोकलेले, कोणत्या लाकडावर ताणलेले, मागे चौकटवाल्याची चिठ्ठी कशी डकवलेली, हे सांगू शकणारे कारागीर आता फार थोडे उरले आहेत. एम.ए.च्या प्रत्येक विद्यार्थ्याने प्रबंधासाठी एकेका चित्रकाराची समग्र सूची हाती घ्यावी, निदान तिची दहा वर्षे तरी पुरी करावीत, असे मी विद्यापीठांना सुचवते आहे. लिलावगृहांनी यासाठी पैसे द्यावेत, जरूर द्यावेत. ते विद्यापीठाच्या खात्यावर जावेत आणि सूचीत एखादे चित्र घेतले किंवा वगळले म्हणून ते कमी-जास्त होऊ नयेत, एवढीच अट असावी.

शेवटी एक विनंती, ती सभागृहातल्या सर्वांना आहे. आपल्यापैकी कोणाच्या आईवडिलांनी जहांगीर आर्ट गॅलरीतल्या एखाद्या प्रदर्शनात दीडशे-दोनशे रुपयांना चित्र घेतले असेल, कोणी चित्रकाराच्या शेजारी राहिले असेल, कोणी जे.जे.मध्ये शिकले असेल. त्या वेळची पावती, निमंत्रणपत्रिका, पत्र, भिंतीवर चित्र दिसत असलेला लग्नाचा फोटो घरात असेल, तर तो रद्दीत जाऊ देऊ नका. त्याच्या मागे तारीख आणि माणसांची नावे लिहून ठेवा आणि आमच्या विद्यार्थ्यांना पाहू द्या. चित्र विकायचे नसले तरी.